शजरा भिंतीवर, सनद कुठे?

आपल्या समाजात अलीकडे घराण्याचा इतिहास लिहिण्याची हौस वाढली आहे. कोकणातल्या एखाद्या जमातीचा वर्धापनदिन असो की मुंबईत स्थिरावलेल्या खानदानाचा मेळावा, एक स्मरणिका निघते. तिच्या मधल्या पानावर शजरा छापला जातो. पुढे तोच शजरा मोठा करून, काच लावून दिवाणखान्यात टांगला जातो आणि त्याचा फोटो मोबाइलवरून दुबई-कुवेतपर्यंत जातो. या हौसेचे आम्ही मनापासून स्वागत करतो. नवाब-बादशहांचे इतिहास पुष्कळ झाले. बोटीवरचा खलाशी, मदनपुऱ्याचा विणकर, परळच्या गिरणीतला साचेवाला, गिरगावातला बेकरीवाला यांचा इतिहास आपण नाही लिहायचा, तर कोणी लिहायचा?

पण या स्मरणिका चाळताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. हे कोणी सांगितले? कोणत्या कागदावरून घेतले? नावे आहेत, साल आहे, हुद्दा आहे, कधी कधी घोड्यावर बसलेल्या पूर्वजाचे वर्णनही आहे. पण ही माहिती कुठून आली याची एक ओळसुद्धा नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: "बुजुर्ग सांगत आले आहेत." आणि चूक दाखवली तर आणखी ठरलेले उत्तर: "तुम्ही काय आमच्या खानदानावर शक घेता?"

आम्हाला नवल याचे वाटते, की असे उत्तर देणारी उम्मत तीच आहे जिने जगाला सनद मागायला शिकवले. हदीसच्या ग्रंथात मजकूर नंतर येतो. आधी येते रावींची साखळी: याने त्याच्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून. ही साखळी तपासण्यासाठी अस्मा-उर-रिजाल नावाचे अख्खे शास्त्र उभे राहिले. रावी कधी जन्मला, कधी वारला, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटू शकत होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, याची छाननी झाली. साखळी तुटली असेल तर तसे लिहिले गेले. रिवायत जईफ असेल तर ती जईफच म्हटली गेली, मग सांगणारा कितीही परहेजगार असो. हजरत पैगंबरांच्या (स.) नावाने सांगितलेल्या गोष्टीला ज्यांनी सनद मागितली, त्यांचे वारस आपण, आणि आपल्या पणजोबांविषयी सनद मागितली की आपला अपमान होतो?

इमाम बुखारी (मृत्यू हिजरी २५६, म्हणजे इ. स. ८७०) यांचा एक किस्सा मदरशांतून आजही सांगितला जातो. बगदादला त्यांची परीक्षा घेण्यासाठी दहा जणांनी प्रत्येकी दहा हदीसांच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून त्यांच्यापुढे मांडल्या. सर्वांचे ऐकून झाल्यावर इमाम साहेबांनी प्रत्येक चुकीची सनद आधी जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि मग तिची दुरुस्ती सांगितली. या किश्शातला धडा केवळ स्मरणशक्तीचा नाही. चूक दुरुस्त कशी करायची, हा त्यातला खरा धडा आहे. चूक लपवायची नाही, गुपचूप खोडायची नाही. चूक काय होती ते सांगायचे आणि मग बरोबर काय ते सांगायचे.

नसबाच्या दुरुस्तीचे सर्वात मोठे उदाहरण तर खुद्द कुरआनात आहे. हजरत जैद यांना लोक 'जैद बिन मुहम्मद' म्हणत असत, कारण रसूलुल्लाहनी (स.) त्यांना मुलगा मानले होते. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत हुकूम आला की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा. त्या दिवसापासून ते पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाले. विचार करा, कोणत्या नावावरून कोणत्या नावावर ही दुरुस्ती झाली! दुनियेतला सर्वात मोठा नसब त्यांच्या नावापुढून गेला. त्यांची इज्जत कमी झाली का? सहाबांपैकी ज्यांचे नाव कुरआनात आले ते एकटे जैदच आहेत. खऱ्या बापाचे नाव लावल्याने कोणी लहान होत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

आता आपल्या शजऱ्यांकडे वळू. पुष्कळ शजरे अरबस्तानातल्या एखाद्या बुजुर्गापासून सुरू होतात आणि चौदा-पंधरा नावांत आजच्या नातवापर्यंत येऊन पोहोचतात. इब्न खलदून (मृत्यू १४०६) यांनी आपल्या मुकद्दम्यात शजरा तपासण्याचा साधा हिशेब दिला आहे: शंभर वर्षांत तीन पिढ्या धरा. तेराशे-चौदाशे वर्षांसाठी चाळीसच्या आसपास नावे हवीत. चौदा नावांत हे अंतर कापायचे, तर प्रत्येक पूर्वजाला नव्वद-शंभराव्या वर्षी मुलगा झाला असे मानावे लागेल. हा हिशेब सातवीच्या मुलाला जमतो. मग स्मरणिकेच्या संपादक मंडळाला का जमू नये?

कोकणी मुसलमानांच्या बाबतीत एक कथा हमखास छापली जाते. इराकचा जुलमी सुभेदार हज्जाज बिन युसुफ (मृत्यू ७१४) याच्या छळाला कंटाळून कूफ्याचे लोक गलबतांतून निघाले, कोकण किनाऱ्याला लागले आणि ते आमचे पूर्वज. पुरावा म्हणून इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरचे नाव घेतले जाते. पण गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाला हे कोणी सांगितले? आपल्याच बुजुर्गांनी. आम्ही साहेबाला सांगितले, साहेबाने 'असे म्हणतात' म्हणून लिहून घेतले, आणि आता आम्ही साहेबाचा हवाला देऊन म्हणतो, बघा, छापून आले आहे! मुहद्दिसांच्या भाषेत बोलायचे तर ही दोन सनदांची रिवायत नव्हे. एकाच रावीचा आवाज डोंगरावर आपटून परत आला आहे.

याचा अर्थ कोकणात अरब आलेच नाहीत असा नाही. अल-मसऊदी हिजरी ३०४ च्या सुमारास, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभी, सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला होता आणि तिथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने नोंदवले आहे. सिराफ, उमान, बसरा, बगदादचे लोक त्यात होते आणि इथेच जन्मलेलेही होते. हा समाजाचा इतिहास भक्कम आहे. पण समाजाचा इतिहास खरा आहे म्हणून माझ्या घराची साखळी आपोआप खरी ठरत नाही. किनाऱ्यावर गलबत लागले हे सिद्ध झाले, तरी त्या गलबतात आमचेच आजोबा होते हे सिद्ध व्हायचे राहतेच. आणि आपली आडनावे काय सांगतात? काझी, खोत, मुकादम, देशमुख, सारंग, नाखुदा. ही या मातीतली आणि या समुद्रावरची कामे आहेत. त्यांची लाज का वाटावी? सूरह हुजुरातने श्रेष्ठत्वाची कसोटी तकवा सांगितली, आणि त्याच सूरतीत आलेली खबर तपासून घ्या असेही बजावले. आम्ही दोन्ही विसरलो.

कोणी म्हणेल, असू द्या हो, एखादा खोटा पूर्वज भिंतीवर टांगला तर कोणाचे काय बिघडते? बिघडते. आणि ते गरिबाचे बिघडते.

महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने मोठ्या कष्टाने एक गोष्ट मान्य करून घेतली, की मुसलमानांतही विणकर, तेली, बागवान, पिंजारी असे व्यवसायाने मागास ठेवलेले समूह आहेत. पण ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि जातपडताळणीसाठी वडिलांकडच्या नातेवाइकांच्या शाळेच्या नोंदी आणि वंशावळ लागते. तिथे काय सापडते? आजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'. चुलत आजोबांच्या नावापुढे 'शेख'. कुठे कुठे 'सय्यद'. वंशावळीत एक आडनाव, दाखल्यावर दुसरे. ज्या पिढीने अश्राफ दिसण्याच्या हौसेने आपला धंदा नोंदीतून पुसला, तिच्या नातवाला आज फीची सवलत मिळवण्यासाठी तोच धंदा सिद्ध करून दाखवावा लागतो. खोट्या शजऱ्याची किंमत अशी तिसऱ्या पिढीकडून वसूल होते.

दुसरे नुकसान बायकांचे. कोणताही छापील शजरा घ्या. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. जणू या खानदानात सातशे वर्षे एकही मुलगी जन्मली नाही आणि मुलगे कोणत्या आईच्या पोटी आले तेही ठाऊक नाही. निकाहनाम्यावर दुलहनचे नाव असते, मेहर असतो, वकील आणि गवाहांची नावे असतात. म्हणजे पुरावा नव्हता असे नाही. तो पाहिला गेला नाही. आणि हीच सवय पुढे वारसाच्या कामात उतरते. बाप गेल्यावर महसूल दप्तरात वारस लावण्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र दिले जाते, तेव्हा भिंतीवरच्या शजऱ्यात नसलेली बहीण प्रतिज्ञापत्रातूनही गायब होते. शरीअतने तिला हिस्सा दिला, भावाने तिला कागदातूनच काढून टाकले. हा नजरचुकीचा दोष नाही. खोटी शपथ आहे ही. ज्या शजऱ्यात मुली नाहीत तो अपूर्ण आहे, असे स्मरणिकेच्या पानावरच छापायला हवे.

तिसरे उदाहरण घराबाहेरचे आहे, पण आपल्या सर्वांच्या काळजाजवळचे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. कामाचा भार तिच्यावर पडला असून ती कुरकुर करीत नाही, अशा आशयाचा. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते पत्र आहे. ही सनद आहे. एवढ्यावर आपल्याला थांबता आले असते आणि शोध पुढे नेता आला असता. पण आपण काय केले? ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख कुठूनशी आली आणि कोणत्या कागदावरून आली हे न विचारता आपण जयंत्या साजऱ्या केल्या. २०२२ साली गूगलनेही त्या दिवशी चित्र लावले. कोणी तिला अमुक पदवी दिली, कोणी तमुक. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या एका पत्रकाराने ही बाई मुळात नव्हतीच, ती मीच रचली, असा दावा केला, तेव्हा सारा गोंधळ उडाला. उत्तर देणाऱ्यांच्या हातात काय उपयोगी पडले? जयंतीचे बॅनर नव्हेत. ते पत्र. १८५६ चे ते एक पत्र. हवाल्याची एक ओळ टिकली आणि बिनहवाल्याच्या पन्नास भाषणांनी उलट शत्रूच्या हाती काठी दिली. खऱ्या माणसाला खोटे दागिने घातले की दागिन्यांबरोबर माणूसही खोटा ठरवायला लोक टपलेले असतात.

आमचे काही मित्र म्हणतात, हे सगळे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत. गरिबाकडे कागद असतात कुठे? लालबाग-परळच्या चाळींतून १९९२-९३ च्या दंगलींनंतर किती मुस्लिम कुटुंबे एका कपड्यानिशी मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली. त्यांच्या ट्रंका जळाल्या, त्यांच्याकडे तुम्ही सनद मागता?

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्याचे उत्तर असे की तोंडी सांगणे हीसुद्धा सनद आहे. हदीस तरी आधी तोंडीच होती. फक्त सांगणाऱ्याचे नाव लिहा. "आजोबा लालबागला राहत" असे लिहू नका. "आजोबा लालबागला राहत, असे थोरल्या फूफीने अमुक साली, अमुक ठिकाणी सांगितले, तेव्हा तिचे वय सत्तरच्या पुढे होते, ती स्वतः त्या खोलीत वाढली" असे लिहा. मग त्या एका ओळीचे वजन बघा. ज्याचे कागद जळाले त्याच्यासाठी तर हे अधिकच जरुरीचे आहे, कारण ती फूफी गेली की तो दस्तऐवजही गेला. आणि सगळेच जळालेले नसते. जुन्या रेशनकार्डावर पत्ता असतो. गिरणीचे तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचे कार्ड असते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना हेच कागद शोधत किती मुले वणवण फिरली! कब्रस्तानच्या रजिस्टरात दफनाची नोंद असते. मुंबईत कबरीवर पुन्हा कबर होते, दगड राहत नाही, पण वही राहते. महापालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. दक्षिण मुंबईत काळा घोड्याला पुराभिलेखागार आहे, जामे मशिदीचा कुतुबखाना मुहम्मदिया आहे, अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, दादरला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. लोकलच्या तिकिटात ही सारी ठिकाणे येतात. तिथे किती स्मरणिकावाले जाऊन आले?

पण कागद मिळाला म्हणजे सत्य मिळाले असेही नाही, हे आम्ही शिक्षक मंडळींनी तरी सांगितलेच पाहिजे. शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. पानामागून पान १ जून ही जन्मतारीख. आई-बापांना तारीख ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी १ जून लिहून टाकली. ती प्रवेशाची सोय होती. पण इतिहासात "आमचे दादाजी १ जून १९२८ रोजी जन्मले" म्हणून ती विराजमान होते, आणि त्यांचे दोन्ही भाऊही १ जूनलाच जन्मलेले निघतात! नावांचेही तसेच. उर्दूत जे 'कादिर' ते मराठीत 'कादर', मोडीवाल्याच्या कानाला 'खादर', आणि इंग्रजी पासपोर्टात आणखी काही. मुहम्मद, महंमद, मोहम्मद, महमद हा एकच माणूस असू शकतो, आणि एकाच गावात चार निरनिराळे माणसेही असू शकतात. म्हणून कागदाचे नाव लिहा, त्यातली नोंद जशी आहे तशी उतरवा, आणि मग आपला अंदाज वेगळा, अंदाज म्हणून लिहा. दोन्हींची खिचडी करू नका.

शेवटचा आक्षेप सर्वात अवघड आहे. लोक म्हणतात, काळ वाईट आहे. आधीच मुसलमानाकडे उठता-बसता कागद मागितले जातात. अशा वेळी आपणच आपल्या कागदांवर शंका घ्यायची?

आम्ही म्हणतो, अशा वेळीच घ्यायची, कारण ती दुसऱ्याने घेण्याआधी आपण घेतलेली बरी. आसामात काय झाले ते आठवा. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्यात हिंदूही होते, मुसलमानही. तिथे प्रत्येकाकडून वंशावळ मागितली गेली आणि भावाची वंशावळ भावाशी, चुलत्याची पुतण्याशी ताडून पाहिली गेली. एकाने बापाचे नाव एक लिहिले, दुसऱ्याने दुसरे, की प्रश्न उभा. ती प्रक्रिया न्याय्य होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. माणसाचे नागरिकत्व हिज्ज्यांवर टांगणे हा जुलूमच आहे. पण जुलमाशी लढतानाही खऱ्या नोंदीच उपयोगी पडतात. अरबस्तानपर्यंत पोहोचणारा छापील शजरा कोणत्याही कचेरीत कामाला येणार नाही. एका आजीचे नाव, एका चाळीचा पत्ता आणि त्याखाली 'कुठून घेतले' ही एक ओळ मात्र येईल.

तेव्हा जे कोणी यंदा स्मरणिका काढणार असतील त्यांच्यापुढे आमच्या चार मागण्या आहेत. एक, प्रत्येक नावापुढे हवाला द्या: कागद असेल तर कागद, माणूस असेल तर माणूस आणि साल. दोन, जे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागा खोट्या नावापेक्षा पाक आहे. तीन, मुली, सुना, आई, आजी यांची नावे लिहिल्याशिवाय शजरा छापू नका. चार, चूक कळली तर पुढच्या अंकात जाहीर दुरुस्ती छापा: आधी काय छापले होते, आता काय आढळले, कोणी दाखवून दिले. आणि दाखवून देणाऱ्याचे आभार माना, त्याला दावतीतून वगळू नका.

कर्जाचा साधा व्यवहार असला तरी लिहून ठेवा, गवाह ठेवा, लहान-मोठे काही लिहायचा आळस करू नका, अशी शिकवण कुरआनातल्या सर्वात मोठ्या आयतीत आहे. दोन माणसांमधल्या पैशासाठी जर इतकी ताकीद, तर मेलेल्यांकडून आपण घेतलेले आणि येणाऱ्यांना द्यायचे जे देणे आहे, ते बिनगवाह कसे चालेल? भिंतीवरची फ्रेम उतरवा असे आम्ही म्हणत नाही. तिच्या मागे एक वही ठेवा आणि घरातली सर्वात म्हातारी बाई जिवंत आहे तोवर तिच्यापासून लिहायला सुरुवात करा.